पेढीचे दार अडले म्हणून तिजोरी फोडू नये

पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात. सकाळी कुलूप निघते, कडी सरकते, पण दार चौकटीत अडून बसते. अशा वेळी आतली तिजोरी नाहीशी झाली असे कोणी मानीत नाही. दार कोठे घासते ते पाहून ते हळूच सोडविले जाते. संगणक अडला की मात्र हाच विवेक सुटतो. पडदा काळा दिसताच ‘सगळे गेले’ अशी समजूत होते आणि त्या भीतीत मिळणारा पहिला सल्ला बहुधा एकच असतो : फॉरमॅट करून टाका. हा सल्ला किती महाग पडू शकतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

सांगलीच्या हळदपेठेतील एखादी अडत पेढी डोळ्यांसमोर आणावी. वर्ष २०२४, ऑगस्टचा तिसरा आठवडा, चातुर्मासाचे दिवस. पेढीवर सात-आठ वर्षांचा एक संगणक आहे. त्यावर दोन प्रणाली शेजारी-शेजारी नांदतात. वजनकाट्याशी जोडलेला जुना प्रोग्राम चालावा म्हणून विंडोज ठेवलेले आहे. रोजकीर्द, खतावणी आणि पत्रव्यवहार लिनक्सवर होतो. जुलै महिन्याचे जीएसटीआर-३बी विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे आहे. दुपारी विंडोज नेहमीप्रमाणे अपडेट होते. संध्याकाळी लिनक्ससाठी संगणक पुन्हा चालू केला जातो, तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटतात. सुरक्षेच्या नियमाचा भंग झाला आहे आणि काहीतरी गंभीर बिघडले आहे, असा त्यांचा अर्थ. काही क्षणांत संगणक आपोआप बंद होतो. पुन्हा चालू केला तरी तेच.

“आप्पा, फॉरमॅट मारून घेऊ. रात्रीत सगळं नवीन बसवतो,” नातू म्हणतो.

“आणि वही?” आप्पा विचारतात.

नातू गप्प बसतो. वहीची शेवटची नक्कल पाडव्याला घेतली होती.

“दिवस मावळायच्या आत जेवून घ्या सगळ्यांनी,” आप्पा उठत म्हणतात. “तोवर त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही.”

सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम त्या दिवशी हिशेबालाही उपकारक ठरतो, कारण घाईत घेतलेला निर्णय तासभर पुढे जातो. पेढीच्या दृष्टीने प्रश्न एका विवरणपत्रापुरता नसतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय कोणत्या शेतकऱ्याची पट्टी द्यायची राहिली, कोणाकडून किती येणे आहे, हे त्या वहीखेरीज दुसरीकडे नोंदलेले नसेल, तर वही जाणे म्हणजे शब्द जाणे होय.

चार हातांतून जाणारी किल्ली

संगणक सुरू होणे ही एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात ती चार टप्प्यांची असते आणि प्रत्येक टप्पा पुढच्याच्या हाती किल्ली देऊन बाजूला होतो.

पहिला हात फर्मवेअरचा. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. हा छोटा प्रोग्राम डिस्कवर नसून मदरबोर्डवरील चिपमध्ये असतो. विजेचा प्रवाह मिळताच तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. दुसरा हात बूटलोडरचा. लिनक्समध्ये हे काम बहुधा ‘ग्रब’ करतो आणि कोणती प्रणाली उघडायची ते विचारतो. तिसरा हात कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा. तो स्वतःबरोबर आवश्यक साधनांची एक शिदोरी घेऊन येतो. तिला ‘इनिटरामएफएस’ असे नाव आहे. चौथ्या टप्प्यात कर्नल डिस्कवरील मुख्य विभाग जोडून घेतो, एकेक सेवा सुरू करतो आणि शेवटी नाव व पासवर्ड विचारणारा ओळखीचा पडदा समोर येतो.

खतावणीच्या फाइली या चौथ्या टप्प्याच्याही पलीकडे, डिस्कवर शांतपणे पडून असतात. पहिल्या तीन टप्प्यांत कोठेही किल्ली अडकली, तरी त्या फाइलींना बहुधा कोणी स्पर्शही केलेला नसतो. म्हणून ‘काय गेले?’ या प्रश्नाआधी ‘किल्ली कोणाच्या हातात अडकली?’ हा प्रश्न विचारावा.

पेनड्राइव्हची साक्ष

जेवण झाल्यावर नातू एक योग्य गोष्ट करतो. दोन वर्षांपूर्वी ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसविले होते, ती तो शोधून काढतो. अशा पेनड्राइव्हला लाइव्ह यूएसबी म्हणतात. तिच्यावरून संगणक सुरू केल्यास लिनक्स डिस्कला धक्का न लावता थेट मेमरीत चालते. परंतु या वेळी पेनड्राइव्ह लावूनही पडद्यावर त्याच दोन ओळी येतात आणि संगणक बंद पडतो.

“संपलं,” नातू म्हणतो. “डिस्क पुरतीच गेलेली दिसते.”

आप्पांना संगणकातले फारसे कळत नाही, पण आयुष्य तराजूपाशी गेलेले आहे. ते विचारतात, “त्या पेनड्राइव्हमध्ये आपली डिस्क आहे काय?”

“नाही.”

“मग ती कशाला अडेल? दोन तराजूंवर एकच चूक दिसली, तर तराजू कशाला बदलायचे? वजन बघावं आधी.”

तपासाचे सारे मर्म या प्रश्नात आहे. डिस्क वगळूनही दोष तसाच राहिला, म्हणजे दोष डिस्कवर नाही. पेनड्राइव्ह आणि डिस्क या दोघांनाही अडविणारा पहारेकरी एकच, तो म्हणजे मदरबोर्डवरील फर्मवेअर.

अशी अडचण त्या महिन्यात जगभर अनेकांना आली होती. यूईएफआयमध्ये ‘सिक्युअर बूट’ नावाची व्यवस्था असते. विश्वासार्ह स्वाक्षरी नसलेला कोणताही प्रोग्राम ती सुरुवातीलाच रोखते. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली त्यासाठी ‘शिम’ नावाचा स्वाक्षरीयुक्त छोटा प्रोग्राम वापरतात. फर्मवेअर शिमवर विश्वास ठेवते आणि शिम ग्रबला आत घेतो. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेची छिद्रे सापडली होती. म्हणून कोणत्या पिढीपासूनचे प्रोग्राम आत घ्यावेत याची नोंद फर्मवेअरच्या स्मृतीत ठेवण्याची पद्धत निघाली. तिला ‘एसबॅट’ म्हणतात. १३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या विंडोजच्या अपडेटने ही नोंद पुढे सरकविली. ज्या संगणकावर लिनक्सही आहे तेथे ती लागू होऊ नये, असा मायक्रोसॉफ्टचा हेतू होता. पण काही संगणकांवर शेजारचे लिनक्स ओळखलेच गेले नाही. परिणामी जुना शिम बाळगणारी डिस्क आणि जुना शिम बाळगणारी पेनड्राइव्ह, दोन्ही दारातच अडल्या. विंडोज मात्र पूर्ववत सुरू होत होते. सप्टेंबर २०२४ च्या अपडेटपासून ही नोंद वगळण्यात आली.

आता फॉरमॅटच्या सल्ल्याचा अर्थ पाहावा. नोंद मदरबोर्डवर होती. डिस्क पुसून ती पुसली गेली नसती. त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून नवी स्थापना करू गेले असता तीही दारातच अडली असती. वही गेली असती आणि दार तरीही उघडले नसते.

खरा उपाय छोटा होता. संगणक चालू होताना एफ-२ किंवा डिलीट यांसारखी कळ दाबून फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जायचे आणि सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे. एवढ्याने लिनक्स सुरू होई. त्यानंतर ‘मोकयूटिल’ या साधनाने एसबॅटची ती नोंद काढण्याची आज्ञा द्यायची, संगणक एकदा पुन्हा चालू करायचा, लिनक्समधील शिम व ग्रब यांच्या ताज्या आवृत्त्या घ्यायच्या आणि शेवटी सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे.

पहारा कायमचा उठवून ठेवणे मात्र योग्य नव्हे. तसेच येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. विंडोजचा भाग बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूट बदलताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी असल्याखेरीज हा बदल करू नये.

उदाहरणातील पेढीवर रात्री लिनक्स सुरू होते. नातू आज्ञांकडे वळणार, तोच आप्पा त्याला थांबवितात. आधी संपूर्ण वही दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरते, ती पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली जाते, आणि मगच दुरुस्तीला हात लागतो.

पडदा काय सांगतो

प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही. एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात, म्हणून पडद्यावरील शब्द वाचणे, नव्हे त्यांचे मोबाइलवर छायाचित्र घेणे, ही पहिली पायरी होय.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे दिसल्यास फर्मवेअरला उघडण्याजोगे काही सापडलेले नाही. आधी साधी कारणे पाहावीत. एखादी रिकामी पेनड्राइव्ह लागलेली असते. डिस्कची केबल सैल झालेली असते. जुन्या संगणकात मदरबोर्डवरील सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. मग संगणक घड्याळ विसरतो, आणि काही वेळा डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची ही सेटिंगही विसरतो. तारीख अनेक वर्षे मागची दिसू लागली, तर या सेलचा संशय प्रथम घ्यावा.

‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द आले, तर ग्रब जागा झाला आहे, पण त्याला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत. डिस्कचे विभाग बदलल्यावर किंवा एखादा विभाग ‘रिकामा आहे’ असे समजून काढून टाकल्यावर हे घडते. मूळ विभाग शाबूत असल्यास लाइव्ह यूएसबीवरून ग्रब पुन्हा बसविता येतो. लिनक्स मिंटच्या लाइव्ह आवृत्तीत त्यासाठी ‘बूट रिपेअर’ हे साधन दिलेलेच असते.

ग्रबची यादी दिसते, पण पुढे ‘कर्नल पॅनिक’ येऊन सारे थांबते, तेव्हा बहुधा कर्नलची शिदोरी अपुरी असते. अपडेट चालू असताना वीज गेली, किंवा ‘बूट’ हा छोटा विभाग जुन्या कर्नलांनी भरून गेला, की नवी शिदोरी अर्धवट बांधली जाते. उपाय यादीतच असतो. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीत जुना कर्नल निवडल्यास संगणक पुष्कळदा सुरू होतो. मग अनावश्यक जुने कर्नल काढून जागा करावी आणि नवा पुन्हा बसवावा.

‘इमर्जन्सी मोड’ आला, तर कर्नल पोहोचला आहे, पण यादीप्रमाणे एखादा विभाग जोडता आलेला नाही. ही यादी ‘एफस्टॅब’ नावाच्या फाइलीत असते. पेढीवर जास्तीची डिस्क लावून तिची नोंद या यादीत केली आणि पुढे ती डिस्क काढून घेतली, तर संगणक न आलेल्या पाहुण्याची वाट पाहत बसतो. ती एक ओळ काढली की काम होते.

सर्व सुरू झाल्याचा भास होऊन पडदा काळाच राहिला, तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा असू शकतो. ग्रबमध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून सुरू केल्यास चित्र दिसू लागते आणि तपास पुढे नेता येतो.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

कारण कोणतेही असो, क्रम बदलू नये. जोवर वहीची नक्कल बाहेर आलेली नाही, तोवर त्या डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही, हा पहिला नियम. नवी स्थापना, विभागांची फेररचना, दुरुस्तीचे प्रोग्राम, हे सर्व लिहिणारे प्रकार आहेत. लाइव्ह यूएसबीवरून सुरू करताना ‘ट्राय’ हा पर्याय घ्यावा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडावी, हिशेबाचा फोल्डर बाहेरील डिस्कवर घ्यावा आणि ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून तपासावी.

डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावण्याचा मार्ग अनेकजण घेतात. तेथे एक सापळा आहे. लिनक्सचा विभाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना ते दाखवू शकते. ही सूचना अज्ञानातून आलेली असते. तिला नकारच द्यावा.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल, तर मात्र कोणताही प्रयोग करू नये. वीज बंद करावी आणि डिस्क डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. अशा डिस्कचे आयुष्य मिनिटांत मोजले जाते. आवाज नसला तरी लाइव्ह लिनक्समधील ‘डिस्क्स’ या साधनात ‘स्मार्ट’ चाचणीचा अहवाल पाहता येतो. त्यात डिस्क खराब होत असल्याचे दिसल्यास नक्कल घेऊन डिस्क बदलावी. फाइलींची मांडणी तपासणारी ‘एफएससीके’ ही आज्ञा नक्कल घेतल्यानंतर आणि विभाग जोडलेला नसतानाच द्यावी. जोडलेल्या विभागावर ती चालविल्यास चांगले असलेलेही बिघडू शकते.

दुरुस्ती बाहेरच्या तंत्रज्ञाकडून होणार असेल, तर यंत्र हाती देण्यापूर्वी एक वाक्य स्पष्ट उच्चारावे : आत हिशेब आहे, विचारल्याशिवाय काही पुसायचे नाही. तंत्रज्ञाच्या दृष्टीने संगणक सुरू होणे हे काम असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने वही परत मिळणे हे काम असते. हा फरक सांगितला नाही, तर तंत्रज्ञ आपल्या परीने प्रामाणिक राहूनही नुकसान करून बसतो.

दिवाळीपूर्वीचे चार काम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबविले. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे अनेक सुस्थितीतील संगणक त्यामुळे लिनक्सकडे वळत आहेत. चालते यंत्र कचऱ्यात न टाकणे हे परिग्रह आणि हिंसा दोन्ही कमी करणारेच आहे. मात्र नवे दार बसविताना ते अडले तर कसे सोडवायचे, हेही घरात एकाला तरी ठाऊक असावे.

चोपडापूजनाच्या आधी वही-खात्यांची झाडलोट होतेच. तिच्यात चार कामे जोडावीत. ताज्या आवृत्तीची एक लाइव्ह यूएसबी तयार करून, ती त्या संगणकावर सुरू होते याची खात्री करून ठेवावी. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर तिजोरीत ठेवावी. वहीच्या मूळ प्रतीसह तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक पेढीबाहेर, घरी असावी. चौथे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते : घेतलेली नक्कल वर्षातून निदान दोनदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. कधीच न उघडलेली नक्कल ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

आपल्या परंपरेत जयणा हा शब्द पाऊल टाकण्यापासून पाणी गाळण्यापर्यंत सर्वत्र येतो. कृती करण्यापूर्वी तेथे काय आहे ते पाहणे, आणि जे आहे त्याला इजा न करता कृती करणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. सांगलीच्या त्या काल्पनिक पेढीवर आप्पांनी लिनक्सची एकही आज्ञा दिली नाही. त्यांनी फक्त हात थांबविला, एक प्रश्न विचारला आणि आधी वही बाहेर काढावयास लावली. २० तारखेचे विवरणपत्र वेळेत गेले, आणि दुसऱ्या दिवशी नातवाने पाडव्यापासून राहिलेली नक्कल घरच्या कपाटात नेऊन ठेवली.